राष्ट्राध्यक्षांचं विमान, मेक्सिकोचा वाद आणि आमच्या बैठकीतली चर्चा

“तुमच्या तिकडच्या राष्ट्राध्यक्षानं म्हणे विमान लॉटरीत काढलं. मग ते लागलं कोणाले?”

डिसेंबरात नागपूरला आले की बाबांच्या मित्रमंडळीत हा प्रश्न निघतोच. यंदा उमरेडच्या काकांनी काढला. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि देऊही नये. गेल्या काही वर्षांत मेक्सिकोत मी जे वाद ऐकले, त्यांत या विमानाइतका मनाला लागलेला दुसरा नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

मी राहते ते मेक्सिकोतलं केरेतारो शहर विमान उद्योगाचं आहे. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीचं काम करते. आपल्याकडे मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचं केंद्र आलं तेव्हा वर्धा रोडवर जशी चर्चा होती, तशी तिथं रोजच असते. त्यामुळं हा विषय कँटीनमध्ये जेवतानाही निघायचा.

विमान होतं बोइंग ७८७-८. फेलिपे काल्देरोन यांच्या कारकिर्दीत, २०१२ मध्ये खरेदी ठरली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ते मेक्सिकोत आलं, तोवर एन्रिके पेन्या निएतो राष्ट्राध्यक्ष होते. किंमत सुमारे २१.८ कोटी डॉलर, १५ वर्षांच्या हप्त्यांनी. एरवी ज्यात दोनशेच्या वर प्रवासी बसतात त्यात ८० जणांची सोय, राष्ट्राध्यक्षांसाठी शयनकक्ष आणि स्नानगृह. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातले सेनानी होसे मारिया मोरेलोस यांचं नाव त्याला दिलं होतं. खरेदी निव्वळ थाटामाटासाठी होती असं मी म्हणणार नाही. काल्देरोन यांचे दोन गृहमंत्री हवाई अपघातांत गेले होते, एक २००८ मध्ये आणि एक २०११ मध्ये. सुरक्षित विमान हवं, हे म्हणणं अशा वेळी खोटं ठरवता येत नाही. पण या आकाराचं, या किमतीचं आणि या सजावटीचंच का, हे लोकांना आधी कुणी पटवून दिलं नाही.

आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांनी नेमका हाच मुद्दा प्रचारात उचलला. असं विमान ओबामांकडेही नाही, असं ते सभांतून सांगायचे. जनता गरीब असताना सरकार श्रीमंत असू शकत नाही, हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. २०१८ च्या डिसेंबरात ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोन-तीन दिवसांतच विमान कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला, वाळवंटातल्या विमानतळावर विक्रीसाठी रवाना झालं. स्वतः ते साध्या प्रवासी विमानानं फिरायचे. पदावर असताना त्या ७८७ मधून त्यांनी एकदाही प्रवास केला नाही.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते, कारण वादात ती कुणी नीट मांडत नव्हतं. उभं विमान फुकट उभं राहत नाही. इंजिनांची तोंडं झाकावी लागतात, आत ओल धरू नये म्हणून आर्द्रता शोषणाऱ्या पिशव्या ठेवून त्या बदलत राहावं लागतं. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून चाकं अधूनमधून फिरवावी लागतात. ठरावीक काळानं तपासण्या होतात, आणि प्रत्येक तपासणीवर सही करणारा माणूस पगार घेतो. इकडे हप्ते चालूच. शिवाय ज्याची आतली रचना एका माणसासाठी केली आहे, त्याला गिऱ्हाईक कोण मिळणार? विमान कंपनीला ते पुन्हा प्रवासी विमान करून घ्यायचं तर खर्च भलताच. त्यात हे विमान ७८७ च्या अगदी सुरुवातीच्या, चाचण्यांसाठी वापरलेल्या विमानांपैकी एक. २०२० च्या जुलैत ते न विकता परत आलं.

मग लॉटरी. काकांना सांगितलं की विमान कुणालाच लागलं नाही. ६० लाख तिकिटं, प्रत्येकी ५०० पेसो, आणि २ कोटी पेसोंची १०० बक्षिसं. आपल्या हिशेबात एक बक्षीस जवळपास ७ कोटी रुपयांचं. बड्या उद्योगपतींना राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात तमालेस (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) आणि गरम चॉकलेटच्या जेवणाला बोलावून तिकिटं घेण्याची हमी लिहून घेतली. सोडत १५ सप्टेंबर २०२० ला झाली. सगळी तिकिटं खपली नाहीत, आणि दहा लाख तर सरकारी पैशांतूनच घेऊन रुग्णालयांना वाटली होती.

आमच्या कारखान्यात झाडलोट करणाऱ्या एका बाईंनी त्यांचं तिकीट मला दाखवलं होतं. छोटा, रंगीत कागद, त्यावर त्याच विमानाचं चित्र. ५०० पेसो म्हणजे तेव्हाची चार दिवसांची किमान मजुरी. पैसे दवाखान्यांना जाणार म्हणून घेतलं, असं त्या म्हणाल्या. कोविडचे दिवस होते, त्यांचा भाऊ नुकताच सरकारी दवाखान्यातून घरी आला होता. तो कागद हातात धरला तेव्हा मला फार राग आला. राजवाड्यातल्या माणसांनी केलेल्या खरेदीची भरपाई चार दिवसांच्या मजुरीतून व्हावी, हे आजही मला पटत नाही.

शेवटी २०२३ च्या एप्रिलमध्ये विमान ताजिकिस्तान सरकारनं घेतलं, सुमारे ९.२ कोटी डॉलरला. घेतलेल्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी. त्या पैशांतून दोन रुग्णालयं होतील, असं लोपेस ओब्रादोर यांनी जाहीर केलं. एक वाहाका राज्यातल्या तुश्तेपेकला आणि दुसरं गेरेरोच्या डोंगराळ भागात, त्लापाला. त्लापा म्हणजे आदिवासी मुलूख, स्पॅनिशपेक्षा मिश्तेक आणि नावात्ल भाषा जास्त ऐकू येणारा.

हे सांगत होते तेव्हा काका मधेच म्हणाले, “म्हणजे त्यायची गडचिरोली.” नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात चटई टाकून पडलेले नातेवाईक ज्यानं पाहिलेत, त्याला त्लापा वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढं चर्चा आपल्याकडच्या दोन बोइंग ७७७ वर आली. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यासाठीची ही विमानं. पहिलं २०२० च्या ऑक्टोबरात दिल्लीला आलं. राहुल गांधींनी ८,४०० कोटींचा आकडा काढून टीका केली आणि सत्ताधाऱ्यांनी उत्तर दिलं की ही प्रक्रिया यूपीएच्या काळातच सुरू झाली होती. बाबांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या देशाच्या प्रमुखाला क्षेपणास्त्रापासून संरक्षण असलेलं विमान हवंच. त्यांनी जर्मनीचं उदाहरणही दिलं. २०१८ मध्ये अर्जेंटिनातल्या जी-२० परिषदेला निघालेल्या मर्केल यांचं सरकारी विमान बिघडून मागं फिरलं, त्यांना प्रवासी विमानानं जावं लागलं आणि परिषदेची सुरुवात हुकली. जर्मनीनं नंतर तीन नवी एअरबस ए-३५० घेतली.

“पण बापा, त्या विमानात कोण कोण बसते, कितीदा उडते, हे आपल्याले कोन सांगते?” काका म्हणाले. मला वाटतं वादाचं मूळ इथं आहे. मी विमान नकोच म्हणणाऱ्यांतली नाही. ज्या देशाच्या प्रमुखाला रात्री-अपरात्री दूर जावं लागतं, जिवाला धोका आहे, त्याला चांगलं विमान द्यावं. पण सही होण्याआधी आकार, किंमत, वर्षाचे उड्डाणतास आणि देखभालीचा खर्च लोकांसमोर यायला हवा. मेक्सिकोत हा हिशेब लोकांनी मागितला तोवर विमान घेऊन झालं होतं, आणि तिथून पुढचा प्रत्येक निर्णय तोट्याचाच होता. वापरलं असतं तर रोष, उभं ठेवलं तर घसारा, विकलं तर निम्म्याहून जास्त पैसे गेले.

आणि विकल्यानं प्रश्न मिटलेलाही नाही. आताच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेनबाउम २०२४ मध्ये रिओच्या जी-२० ला आणि २०२५ मध्ये कॅनडातल्या जी-७ ला प्रवासी विमानानंच गेल्या. माझ्या काही सहकाऱ्यांना त्याचा अभिमान वाटतो. काहींना काळजी वाटते, त्यांच्या सुरक्षेची आणि सोबतच्या दोनशे प्रवाशांचीही. ही काळजी मला रास्त वाटते.

नागपूरकरांना हा वाद परका वाटू नये. दर डिसेंबरात रवि भवन, नाग भवन रंगवलं जातं, रस्ते बंद होतात, आणि अधिवेशन संपलं की विदर्भाच्या पदरात काय पडलं हा प्रश्न घरोघरी निघतो. तोच प्रश्न खर्चाच्या आधी विचारायचा. काका निवृत्त लेखापाल आहेत, त्यांनी तो मनावर घेतला. राज्य सरकारच्या विमान आणि हेलिकॉप्टरचे गेल्या पाच वर्षांतले उड्डाणतास, दरवर्षीचा देखभाल खर्च, भाड्यानं घेतलेल्या विमानांची बिलं आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव असल्यास त्याची कारणं, अशी माहिती मागणारा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणला. उत्तर आलं की ते मला कळवणार आहेत, आणि मी ते इथं जसंच्या तसं देईन.