तुम्ही विचारलंत म्हणून : रॉकबिलीसाठी गिटारमध्ये आधी काय बदलावे?

पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार रॉकबिली या १९५०च्या दशकातील रॉक अँड रोलच्या प्रकारासाठी तयार करायची म्हटली, की मला ठरलेला प्रश्न येतो : पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे भाग) कोणते बसवू? मी आधी ब्रिजकडे, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा ज्या आधारावर टेकतात त्याकडे, पाहायला सांगतो आणि विचारणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो.

पिकअपचे आकर्षण मला समजते. रॉकबिली गायक-गिटारवादक एडी कॉक्रनने आपल्या ग्रेच ६१२० गिटारच्या मानेजवळचा मूळ डीआर्मंड पिकअप काढून तेथे गिब्सनचा पी-९० बसवला होता, आणि तेव्हापासून या संगीताच्या चाहत्यांना स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याचा जणू परवानाच मिळाला आहे. परंतु सूर टिकत नसेल, तर उत्तम पिकअप तो बेसूरपणाच अधिक स्पष्ट ऐकवील.

अशा बहुतेक गिटारींचा ब्रिज लाकडावर नुसता टेकलेला असतो. तारांच्या दाबाखेरीज त्याला धरून ठेवणारे काही नसते. रॉकबिलीत उजवा हात जोरात चालतो आणि बिग्सबीचा (तारांचा ताण बदलून सूर लहरवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा सतत हलतो, त्यामुळे ब्रिज कणाकणाने सरकतो. तो एखादा मिलिमीटर जरी सरकला, तरी मोकळ्या तारा सुरात आणि वरच्या फ्रेटवरचे (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवरचे) स्वर मात्र बेसूर अशी अवस्था होते. म्हणून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसते हलके टेकवून निघणारा स्वर) आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर जुळेपर्यंत ब्रिज हलवावा, ती जागा कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने आखून घ्यावी आणि ब्रिजच्या पायाखाली प्रथम पातळ दुहेरी चिकटपट्टी लावून काही आठवडे वाजवून पाहावे. जागेची खात्री पटल्यावरच पायातून लाकडात दोन बारीक पिना बसवाव्यात. जुन्या, मौल्यवान वाद्याला मात्र भोके पाडू नयेत. ब्रिजची वरची पट्टी मला अखंड धातूची आवडते, कारण तिच्यात खुळखुळण्यासारखे सुटे भाग नसतात. मात्र तिसरी तार साधी की वरून बारीक तार गुंडाळलेली, याचा हिशेब अशा पट्टीच्या कंगोऱ्यांत आधीच केलेला असतो, तेव्हा तारांचा संच त्यानुसारच निवडावा.

दांडा सोडल्यावर तार मूळ सुरावर परतत नसेल, तर बिग्सबीला दोष देण्याआधी नटच्या (मानेच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा तपासाव्यात. तार तेथेच अडकण्याचा संभव अधिक असतो आणि पेन्सिलीच्या शिशाची पूडही पुष्कळदा पुरते. जाड अंगाच्या गिटारला तारा खाली दाबणारा रूळ नसलेला बी-६ हा प्रकार मला अधिक योग्य वाटतो, कारण त्या रुळाशी होणारे घर्षण त्यात टळते.

आता पिकअप. पी-९० भरदार वाजतो, पण गुणगुणतो. रे बट्स या तंत्रज्ञाने घडवलेला फिल्टरट्रॉन पिकअप ती गुणगुण मारतो आणि तरीही तारेचा टणत्कार राखतो. माझा कौल त्याला. बदलण्याचे काम मात्र चिकाटीचे आहे, कारण बहुधा मागे झाकण नसते आणि सारे वायरिंग एफ-होलमधूनच (अंगावरच्या f आकाराच्या भोकातूनच) आत-बाहेर करावे लागते. प्रत्येक पॉटच्या (आवाज वा सूर कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) दांडीला लांब दोरा बांधून मगच तो आत सोडावा, म्हणजे परत आणताना दोरा ओढला की दांडी आपल्या भोकातून वर येते. दोरा न बांधणाऱ्याची संध्याकाळ तारेचा आकडा घेऊन अंधारात चाचपडण्यात जाते.

एवढे करूनही जुन्या रेकॉर्डसारखा आवाज येत नाही, अशी तक्रार उरतेच. तो आवाज बराचसा गिटारच्या बाहेरचा आहे. मेम्फिसच्या सन स्टुडिओत निर्माता सॅम फिलिप्सने टेपयंत्राच्या साहाय्याने आवाजामागे क्षणभराने त्याचीच एक झटपट पुनरावृत्ती उमटवली. याच रे बट्सने टेप एको थेट अँप्लिफायरमध्ये बसवला, आणि एल्व्हिस प्रेस्लीचा गिटारवादक स्कॉटी मूरने १९५५पासून तो एकोसॉनिक नावाचा अँप्लिफायर वापरला. तेव्हा डिलेवर (स्वराची पुनरावृत्ती देणाऱ्या उपकरणावर) सुमारे १०० ते १३० मिलिसेकंदांची एकच पुनरावृत्ती ठेवावी, तीही मूळ स्वरापेक्षा किंचित कमी आवाजाची, आणि त्यानंतरही गरज वाटली तरच पिकअप विकत घ्यावेत.