पाच पत्ते हातात, आणि एकही लागेना

घरात दोन सर्व्हर. एकावर मेल आणि वेबमेल, दुसऱ्यावर व्हिडिओ मीटिंगचं सॉफ्टवेअर, आणि दोघांनाही ४४३ पोर्ट (सुरक्षित वेबचा ठरलेला दरवाजा) हवा. पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवर दिसणारा पत्ता, एकच, त्यामुळे राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून ४४३ कुणातरी एकाच्याच पदरात टाकता येत होता. वेबपुरतं रिव्हर्स प्रॉक्सीवर (नाव पाहून विनंती योग्य सर्व्हरकडे धाडणारा मधला सर्व्हर) भागलं असतं, पण मेलला स्वतःचा पत्ता आणि त्याची उलटी डीएनएस नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) हवी होती. शेवटी इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपींचा /२९ ब्लॉक घेतला.

/२९ म्हणजे आठ पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम हाक मारायचा), एक कंपनीच्या गेटवेचा (बाहेर जायचं दार), उरले पाच. माझे खरे आकडे देत नाही, उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या २०३.०.११३ मधले घेऊ: .९ गेटवे, .१० ते .१४ माझे, मास्क २५५.२५५.२५५.२४८. राउटरला .१०, मीटिंगला .११, मेलला .१२ असं ठरवलं.

मेल सर्व्हरवर .१२ टाकला, गेटवे .९, सेव्ह. ढिम्म. सर्व्हर बसला होता राउटरच्या आतल्या बाजूला, १९२.१६८.१ च्या खासगी पत्त्यांच्या घरात, आणि .९ होता बाहेरच्या केबलवर. आतून कितीही हाका मारल्या तरी त्या तिथवर पोचणारच नव्हत्या. आता हे बावळटपणाचं वाटतं. त्या रात्री मी तीनदा केबल बदलली.

मग मोबाइल डेटावरून .१२ ला पिंग सोडत ठेवला आणि राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या, पोर्टवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावला. पुन्हा पुन्हा एकच ओळ: २०३.०.११३.१२ कोण आहे? २०३.०.११३.९ ला सांगा. एआरपी, म्हणजे हा आयपी कुठल्या यंत्राचा हे केबलवर विचारायची रीत! गेटवे दारात येऊन नाव पुकारत होता आणि घरातून कुणी ओ देत नव्हतं.

तिथे उलगडा झाला. ब्लॉक दोन तऱ्हांनी मिळतो. एकात कंपनी सगळे पत्ते तुमच्या राउटरकडे राउट करते, पुढचं तुम्ही बघायचं. मग खरे पत्ते आतल्या मशिनवर सरळ टाकता येतात. दुसऱ्यात पत्ते केबलवरच असतात आणि प्रत्येकासाठी एआरपीला कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. माझा दुसऱ्या तऱ्हेचा. घेतानाच हे विचारायला हवं होतं. मी फक्त ‘किती आयपी मिळतील’ एवढंच विचारलं होतं.

मॉडेम ब्रिज मोडवरच होता, म्हणजे पाकिटं नुसती पुढे ढकलत होता, म्हणून राउटरच्या आधी साधा स्विच टाकून मेल सर्व्हर थेट त्यात जोडला. लागला! आनंद पंधरा मिनिटं टिकला. लॉगमध्ये रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी एसएसएचवर (दुरून लॉगिन करायची सोय) घुसायचे प्रयत्न रांगेने सुरू. फायरवॉलला वळसा घालून मीच सर्व्हर रस्त्यावर नेऊन ठेवला होता.

तेव्हा सगळे पत्ते राउटरच्याच वॅनवर घेतले आणि एकास एक नॅट (बाहेरचा पत्ता बदलून आतला करणं) लावलं: .१२ वर येईल ते १९२.१६८.१.२० कडे, तेही मोजकेच पोर्ट. पुन्हा ढिम्म. कंपनीच्या गेटवेकडे .१२ समोर अजून सर्व्हरचाच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) होता. काही उपकरणांत अशी नोंद चार तास टिकते. राउटरवरून आर्पिंगने (एआरपी संदेश पाठवणारी कमांड) ‘आता .१२ म्हणजे मी’ अशी दवंडी पिटली, आणि लगेच सुरू.

मेल येऊ लागला, पण पाठवलेला परत यायला लागला. जाणारं सगळं .१२ ऐवजी राउटरच्या .१० च्या नावाने बाहेर पडत होतं, कारण सरसकट मास्करेडचा नियम (सगळ्यांना राउटरचाच पत्ता लावणारा) माझ्या एसनॅटच्या नियमाच्या (मेलला .१२ लावणाऱ्या) वर बसला होता. नियम वरून खाली वाचले जातात. पहिला जुळला की खालच्याला कुणी विचारत नाही. दोन ओळींची अदलाबदल केली, एवढंच. घरातून मात्र स्वतःच्याच नावाने मीटिंग उघडेना. त्यावर हेअरपिन नॅट (आतून बाहेरच्या पत्त्यावर निघालेलं राउटरने परत आत वळवणं) हा उपाय आहे. मी घरच्या डीएनएसमध्ये आतला पत्ता लिहून मोकळा झालो.

उलटी नोंद आपल्या हातात नसते, ब्लॉक ज्याचा त्याने ती करायची. तिकीट टाकलं, दोन दिवसांनी झाली. .१३ आणि .१४ अजून रिकामे आहेत. ते टीव्हीला आणि प्रिंटरला द्यावेत असं घरातून सुचवण्यात आलंय; त्यांना १९२.१६८ चे आतले पत्ते पुरे.