पोट फुगलेला घोडामासा

गोव्यातल्या पर्वरीहून काकांचा फोन आला तेव्हा मी नुकता चहा घेत होतो. "घोडामासा आजारी आहे रे. पोट टम्म फुगलंय, चार दिवस खाण्याला तोंड लावलेलं नाही. लगेच येशील?"

त्यांच्या दिवाणखान्यातली तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी मीच बसवून दिली होती, पण दोन क्लाउनफिशसाठी. घोडामासा, म्हणजे समुद्रघोडा, तिथे कधी आला, हे मला ठाऊकच नव्हतं. पुतण्याला शापोऱ्याच्या खाडीत जाळ्यात सापडला, तो नातीला दाखवायला म्हणून काकांनी बादलीतून घरी आणला होता.

मी पोचलो तेव्हा तो फिल्टरच्या नळीला शेपटी गुंडाळून वाकडा झाला होता. वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात लोट उठवणारा पंप, जोरात चालू. ज्याचं सारं पोहणं पाठीवरच्या एका इवल्या परावर, तो त्या लोटात टिकणार कसा? तळाशी गोळीखाद्याचा थर साचलेला. घोडामाशाला दात नाहीत, जठरही नाही. जवळ्याहून बारीक जिवंत कोळंबी नळीसारख्या तोंडानं ओढून घ्यायची, आणि खाल्लेलं भराभर पुढे सरकतं म्हणून दिवसभर खातच राहायचं. खाडीतून आलेल्या जनावराला न हलणारी गोळी हे अन्न आहे हे कळतच नाही. भरल्या टाकीत तो उपाशी होता. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. दिवसातून तीन वेळा ते स्वतःच्या हातानं गोळ्या टाकत होते.

टाकीशेजारी औषधाची बाटली उघडून ठेवलेली. मी आधी ती उचलून खाली ठेवली आणि काचेला डोळे लावून बसलो. फुगलं होतं ते पोट नव्हतं, त्याच्या खाली शेपटीच्या मुळाशी असलेली पिशवी होती. आणि तो मधूनमधून कमरेत दुमडत होता.

"काका, हा आजारी नाही. हा बाळंत होतोय."

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "हा की ही?"

"हाच, काकू. मादी अंडी नराच्या पिशवीत घालते. पुढे दोन-तीन आठवडे सगळं त्याच्याकडे. पिल्लांना प्राणवायू तोच पुरवतो, पिशवीतलं पाणी हळूहळू समुद्राइतकं खारट करत नेतो, म्हणजे बाहेर पडल्यावर त्यांना झटका बसू नये."

दुसरी गोष्ट सांगताना जीभ जड झाली. २००१ मध्ये घोडामासा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला गेला, वाघाच्या पंगतीत. घरी ठेवणं हा गुन्हा, कैदेचा. काका खुर्चीत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "फोन लाव वनखात्याला. मीच बोलतो." त्या वयात, स्वतःविरुद्ध, आवाज न कापता ते बोलले. मला त्यांचा फार आदर वाटला.

माणसं येईपर्यंत मी क्लाउनफिश बादलीत काढले, नाहीतर त्यांनी पिल्लं टिपली असती. पंप बंद, नुसता हवेचा बारीक बुडबुडा. अकराच्या सुमारास तो नळीला घट्ट धरून पुढे दुमडला आणि पिशवीच्या तोंडातून धूर निघावा तशी पिल्लं बाहेर आली. तांदळाच्या दाण्याएवढी, पण पुरते घोडे! तेच तोंड, तीच शेपटी. पुन्हा दुमडला, पुन्हा एक लोट. एका पिल्लानं दुसऱ्याच्या शेपटीलाच शेपटी गुंडाळली आणि दोघं तशीच तरंगत राहिली. दोनशेनंतर मी मोजणं सोडलं. काकू एकदाच म्हणाल्या, "उपाशी पोटी रे," आणि डोळ्यांना पदर लावला.

दुपारी वनरक्षक आले, जबाब लिहून घेतला. घोड्याला जाळीनं उचलायचं नाही. हवेत आला की हवा गिळू शकतो आणि मग बुडणं अवघड होतं. मी पाण्याखालीच भांडं धरून त्याला आत घेतलं, पिल्लं वाटीवाटीनं. भरतीच्या वेळी आम्ही सगळे शापोऱ्याला गेलो. फेब्रुवारीत खाडीचं पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं. पावसाळा असता तर गोड्या पाण्यानं ही पिल्लं मेली असती. तरीही खाडीचं पाणी थोडंथोडं मिसळत पाऊण तास थांबलो. मग खारफुटीच्या मुळांपाशी भांडं कलतं केलं. बापानं लगेच एक मूळ शेपटीनं धरलं.

दुसऱ्या दिवशी टाकी धुवायला गेलो. फिल्टरचा स्पंज पिळायच्या आधी सवयीनं उजेडात धरला, तर भोकांत तीन शेपट्या अडकलेल्या. दोन हलत होत्या. वनरक्षकांना फोन केला आणि काकांनी स्टीलच्या डब्यात पाणी भरलं.