टाकीखालचा धोबी

आमच्या घरच्या कालनिर्णयवर सप्टेंबरच्या पानावर दोन अक्षरं असतात, एक आईचं, निळ्या बॉलपेनचं, त्यात दुधाचा हिशोब, सिलेंडर लागल्याची तारीख आणि भांडेवालीचे खाडे. दुसरं माझं, पेन्सिलने कोपऱ्यात नुसतं 'धो'. पहिल्या वर्षी आईने विचारलं, आपण धोब्याकडे कपडे कधीपासून देऊन राहिलो रे? तेव्हा सांगावं लागलं की हा धोबी म्हणजे पक्षी, करडा धोबी, पाठ राखाडी, पोट पिवळं, आणि शेपटी सारखी खालीवर, घाटावर कपडे आपटल्यासारखी.

गच्चीवरच्या सिंटेक्सचा जॉइंट थोडा गळतो, त्याखाली हात-दीड हात ओल धरलेली आहे, शेवाळ आहे आणि त्यावर बारीक माश्या. धोबीबुवांना एवढंच लागतं. दोन पावलं तुरुतुरु, मग थांबायचं, शेपटी तीनदा, मग एकदम हवेत हातभर उडी आणि माशी गायब. वजन म्हणाल तर खर्र्याच्या पुडीएवढं, २० ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि हा प्राणी उन्हाळा काढतो हिमालयातल्या ओढ्यांवर नाहीतर त्याच्याही पलीकडे, अन् हिवाळ्याला नागपुरात आमच्या गळक्या टाकीखाली. आपल्याला इथून गोंदियाला जायचं तर आदल्या दिवसापासून बॅग भरणं चालतं.

गंमत म्हणजे एवढ्या वर्षांत मी त्याला येताना एकदाही पाहिलेलं नाही. काल नव्हता, आज आहे, बस. तसे पुष्कळ छोटे पक्षी रात्रीच उडतात म्हणा, गारवा असतो, शिकरे-ससाणे झोपलेले असतात, आणि दिवस खाण्यापिण्याला मोकळा राहतो. म्हणजे आपण कोजागिरीचं दूध आटवत गच्चीवर बसलेलो असतो तेव्हा वरून कोण कोण जाऊन राहिलं असेल, पत्ताच नाही.

मुंबईची ताई या दिवसांत मला मुद्दाम फोटो पाठवते. आज गिरगाव चौपाटीवर कुरव आले, आज शिवडीला फ्लेमिंगो, तुमच्याकडे काय? मी म्हणतो, आमच्याकडेही चौपाटी आहे ना, फुटाळा! ती हसते. हसू दे. एकदा रविवारी सकाळी तर्री पोहे चापून मी दुर्बीण घेऊन फुटाळ्याला जाऊन बसलो, दूर पाण्यावर पाच-सहा काळे ठिपके, बदकं की कूट नावाचे काळे पाणपक्षी तेच ठरेना, आणि बाजूचा भुट्टेवाला गाडी लावता लावता म्हणाला, "काय पाहून राहिले भाऊ? बदकं ना? आता येतेच ते. आपला भुट्टा संपाले आला का ते येते." मी एवढी ॲपं डाऊनलोड करून बसलोय आणि याचं कॅलेंडर कणसावर चालतं. मला तर ते पटलंच, कारण पक्षी काही थंडी वाजते म्हणून निघत नाहीत, मुख्य प्रश्न पोटाचा. उत्तरेत दिवस लहान व्हायला लागले की त्यांच्या अंगातलं घड्याळ हलतं, खा-खा खाऊन चरबी साठवतात, आणि तिकडचे किडे संपायच्या, पाणी गोठायच्या आत निघतात. इकडे आपले तलाव पावसाने नुकतेच भरलेले. गोरेवाड्याला, अंबाझरीला जरा लवकर गेलं तर तलवार बदक, थापट्या, लालसरी, काठाच्या चिखलात तुतवार, असं बरंच काही दिसतं, फक्त जलपर्णी आणि सेल्फीवाले यांच्यामधून नजर काढता आली पाहिजे.

शहराबाहेरच्या तलावांवर पट्टकादंबही येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, गावातले लोक त्यांना सरळ राजहंस म्हणून मोकळे होतात. हे मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात, ७,००० मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे, तिथे विरळ हवेतूनही प्राणवायू धरून ठेवेल असं रक्त त्यांना मिळालेलं आहे. आम्हाला रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढल्यावर लिंबूपाणी लागतं.

आणि सगळे इकडेच येतात असंही नाही, मला वाटायचं तसं. चातक याच सुमारास निघून जातो, पावसाआधी आफ्रिकेकडून आलेला असतो तो. अमूर ससाणे तर थांबतही नाहीत नीट. सैबेरिया-चीनकडून निघून नागालँडला मुक्काम, तिथून अख्खा देश आणि वर अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका. २०१३ मध्ये नागालँडात तीन ससाण्यांच्या पाठीवर सॅटेलाइटचे ट्रान्समीटर बसवले होते, एकाचं नाव तिथल्या गावावरून पांगती. तेव्हापासून नोव्हेंबरात संध्याकाळी मी गच्चीवर मान वर करून उभा असतो. दिसतात त्या घारी. शेजारचे काका विचारतात, ड्रोन आहे का रे कोणाचा?

तसा नोव्हेंबर आमच्यासारख्यांचा सणाचाच, ५ तारखेला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा, मधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह. पुढे डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचे पाहुणे येतात, ते मात्र येताना दिसतात, सायरन वाजवत, आणि धोब्याच्या कितीतरी आधी परत जातात. धोबी मार्च-एप्रिलपर्यंत पुरतो.

तर कालनिर्णय. माझ्याकडे जुनी पानं ठेवलेली आहेत, १७ सप्टेंबर, २२ सप्टेंबर, एकदा तर १२ लाच. एका वर्षी मात्र 'धो' कुठेच नाही. त्या उन्हाळ्यात आईने प्लंबर बोलावला होता, त्याने जॉइंट असा काही पॅक केला की थेंब पडेना, ओल वाळली, शेवाळाचे पापुद्रे झाले. एक दिवस धोबी समोरच्यांच्या कठड्यावर बसलेला दिसला, शेपटी हलवली, आणि 'चिझिक' करून गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी मी पान्याने तो जॉइंट पाव फेरा सैल केला. हे घरात कोणाला माहीत नाही. आई म्हणते टाकी परत गळून राहिली, प्लंबरला फोन कर. मी म्हणतो दसरा होऊ दे. मग दिवाळी होऊ दे. मग अधिवेशनात प्लंबर भेटत नाहीत.

यंदा सप्टेंबरात मी चार दिवस पुण्याला होतो. परत आल्यावर पान पाहिलं, तर १९ च्या चौकोनात, दूध दीड लिटरच्या खाली, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं होतं: धो आला. पाना कुठे ठेवला?