फ्रँक आणि हिलक्रेस्ट: मुलांना घेऊन जाताना

कॅनडातल्या कॅल्गरीहून क्रोजनेस्ट पास या डोंगराळ भागात जाणारी बरीच कुटुंबं फ्रँक या कोळसा खाणीच्या गावाशी गाडी थांबवतात, दगडांवर चढून फोटो काढतात आणि पुढे निघतात. त्या दगडांखाली माणसं आहेत, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवावं. 29 एप्रिल 1903 च्या पहाटे टर्टल माउंटनचा कडा सुटला आणि सुमारे 11 कोटी टन चुनखडक दीड मिनिटात दरीत पसरला. 70 ते 90 माणसं गेली असं धरतात. बहुतेकांचे देह कधी निघालेच नाहीत.

म्हणून दगडांवर चढणं नको, खिशात खडाही नको. तसेही ते दगड भरवशाचे नाहीत: मधल्या फटीत पाय अडकतो, घोटा मुरगळतो. हायवे 3 च्या कडेला गाडी लावू नका, ट्रक जोरात जातात. थेट फ्रँक स्लाइडच्या माहिती केंद्रावर जा. तिथली दीडेक किलोमीटरची पायवाट मुलांना झेपते. वारा मात्र भयंकर; गाडीचं दार उघडताना हाताने धरून ठेवा.

मुलं हमखास विचारतात, डोंगर का पडला? खडकाचे थर मुळातच धोकादायकरीत्या कललेले. भेगांत बर्फाचं पाणी शिरायचं, गोठून भेगा रुंद करायचं. त्यात पायथ्याशी कोळसा काढलेला. सगळं खापर खाणीवर फोडता येत नाही, पण तिला वगळताही येत नाही. लहानांसाठी सुरुवात रात्रपाळीच्या 17 कामगारांपासून करावी: खाणीचं तोंड बुजलं, तरी सुमारे 13 तास खणत ते जिवंत बाहेर आले.

हिलक्रेस्टचं कब्रस्तान तिथून जवळच आहे, आणि लोक नेमकं तेच वगळतात. आमच्या मते वेळ कमी असेल तर फ्रँकचा अर्धा तास कापा, हे कब्रस्तान वगळू नका. 19 जून 1914 ला हिलक्रेस्टच्या कोळसा खाणीत 235 जण उतरले, 189 मेले. कॅनडातल्या कोळसा खाणींमधला हा सर्वांत मोठा अपघात. खाणीतला मिथेन वायू पेटला, धक्क्याने कोळशाची भुकटी उडाली, तीही पेटली. मागे उरला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. स्फोटातून वाचलेले अनेक जण त्याने गेले. ठिणगी कुठून आली, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. दहाएक वर्षांच्या मुलाला एवढं सरळ सांगितलं तर कळतं. जळालेल्या देहांची वर्णनं कशाला हवीत?

सामूहिक कबरी कुंपणाने आखलेल्या आहेत. बाहेरूनच पाहा, कुंपणावर टेकू नका, ड्रोन उडवू नका. स्मारकावरची नावं मुलांना मोठ्याने वाचू द्या. त्यात वेळ जातो, जाऊ द्या.

बेलव्ह्यूच्या खाणीची सफर शेवटी ठेवा, आधी तिच्या वेळा बघून. 1910 च्या स्फोटात तिथेही 31 जण गेले, त्यांतला एक इतरांना वाचवायला उतरलेला. आत जुलैतही गारठा असतो. जाकिटं डिकीत राहिली तर लहानगं पाच मिनिटांत रडायला लागतं.