गर्द ओढणाऱ्या भावाचे क्षयरोगावरील उपचार : माझा अनुभव

हर्णै बंदरातील एका ट्रॉलरवर खलाशी असलेला माझा धाकटा भाऊ काही वर्षे गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पन्नीवर (चांदीच्या कागदावर) ओढत होता. त्याचे वजन उतरले, संध्याकाळी ताप येऊ लागला आणि खोकला थांबेना, तरी त्या खोकल्याला आजार मानायला कोणी तयार नव्हते. ज्या खाजगी डॉक्टरांकडे मी त्याला प्रथम नेले, त्यांनी छाती न तपासताच "आधी हे सोडू दे, मग खोकल्याचे बघू," असे सांगून आम्हांला परत पाठवले. व्यसन सुटेपर्यंत क्षयाचे जंतू थांबून राहत नाहीत, हे डॉक्टरांना मी काय सांगणार!

सरकारी रुग्णालयात जायला भाऊ तयार नव्हता. केसपेपरवर गर्दचा उल्लेख आला की पोलिसांना कळवतील, अशी त्याची खात्री होती आणि ही भीती निराधार म्हणता येणार नाही, कारण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे सेवन हादेखील गुन्हा आहे. मात्र त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेऊ लागली, तर त्या आरोपासाठी तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश असल्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. ओळखीच्या वकिलांनी हे सारे त्याला समजावून सांगितले, तेव्हा कुठे तो नरमला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि त्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. कामाचे निमित्त सांगण्याची सोयही तेव्हा त्याला उरली नव्हती.

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर, मागे रांग उभी असताना, गर्दचे नाव घ्यायचे नाही आणि आत डॉक्टरांपासून मात्र काहीही लपवायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. प्रत्येक क्षयरुग्णाची करतात तशी एचआयव्हीची तपासणीही झाली. ती निगेटिव्ह आली. खोकल्यातून रक्त पडत असल्यामुळे त्याला दाखल करून घेतले, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली.

शेवटची पुडी ओढल्यानंतर साधारण आठ-बारा तासांत टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत तीव्र होते. आधी जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मग पोटात मुरडा, जुलाब आणि झोपेचा पत्ता नाही. अशा अवस्थेतील माणूस क्षयाच्या गोळ्यांसाठी खाटेवर पडून राहणे शक्यच नसते. तो डामा घेतो, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर सही करून निघून जातो, आणि 'गर्दुल्ले उपचार घेत नाहीत' या समजुतीला आणखी एक उदाहरण मिळते. माझा भाऊही दुसऱ्या रात्री चपला शोधू लागला होता. ड्युटीवरील सिस्टरांनी त्याला दरडावले नाही. त्यांनी डॉक्टरांना बोलावले आणि सकाळी मानसोपचारतज्ज्ञ त्याला पाहून गेले.

त्यांचा पहिला प्रश्न होता, शेवटचे कधी ओढलेस? टर्की शमवणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी टर्की सुरू झाल्यावरच द्यावी लागते; गर्दचा अंमल शिल्लक असताना ती दिली, तर टर्की उलट एकदम उसळते. म्हणून या प्रश्नाचे खरे उत्तर मिळणे महत्त्वाचे असते, आणि रागावणाऱ्या डॉक्टरांना ते कोणी देत नाही. त्या गोळीनंतर काही तासांतच भावाने पेज मागून घेतली.

क्षयाच्या औषधांतील रिफॅम्पिसिनमुळे ब्युप्रेनॉर्फिनचे रक्तातील प्रमाण घटते, हे मला तेव्हा नव्याने कळले. क्षयरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकमेकांशी बोलले नाहीत, तर क्षयाचा उपचार नीट चालू असतानाच रुग्णाला टर्की लागू शकते आणि तो पुन्हा पन्नीकडे वळतो. सुदैवाने इथे ते बोलले आणि मात्रा वाढवून दिली. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले, त्यामुळे तो घाबरला नाही. क्षयाची औषधे मोफत होती. क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये त्याच्या हाती रोख न येता बँक खात्यात जमा झाले, याचे मला बरेच वाटले.

ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात जाऊ लागल्यावर नवा पेच उभा राहिला. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरुवातीला रोज डॉक्टरांसमोर घ्यायची असे आणि ट्रॉलर तर एकदा गेला की कित्येक दिवस परतत नाही. बैठ्या नोकरीतल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली ही पद्धत खलाशाच्या कामी येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही त्याला रोज संध्याकाळी परतणाऱ्या लहान होडीवर काम मिळवून दिले. मजुरी कमी मिळू लागली. पुढे प्रकृती स्थिरावल्यावर, गोळ्या माझ्या ताब्यात राहतील या अटीवर, डॉक्टर काही दिवसांच्या गोळ्या एकदम देऊ लागले.

सहा महिन्यांनी क्षयाचा कोर्स संपला. रिफॅम्पिसिन बंद झाल्यावर ब्युप्रेनॉर्फिनची तीच मात्रा जास्त होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी त्याला लगेच बोलावून घेतले आणि मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली. ती गोळी तो आजही घेतो आणि ती कधी थांबवायची याची घाई डॉक्टरांनीही केलेली नाही.