समुद्र, जंगल, वाळवंट आणि २० किलो

१९ जून, रात्री

पलंगावर बॅग उघडून ठेवली आणि बराच वेळ नुसती तिच्यासमोर बसून राहिले. २६ दिवसांचा प्रवास. आधी केर्न्स, म्हणजे समुद्र आणि प्रवाळ. मग तिथून वर डेन्ट्रीचं पावसाळी जंगल. मग विमानाने थेट उलुरूला, ऑस्ट्रेलियाच्या लाल वाळवंटातल्या पहाडापाशी. शेवटी सिडनीला भाचीकडे. आणि देशातल्या विमानाच्या तिकिटावर सामान माणशी २० किलो, वर हातात ७ किलो.

ताईचा फोन आला. "साड्या किती घेतेस गं?"

"एकही नाही."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, "बरं. मग मी पण नाही."

हे इतकं सहज होईल असं वाटलं नव्हतं. ताई ६६ वर्षांची आहे आणि परदेशी पहिल्यांदाच निघाली आहे. तिचं 'बरं' ऐकून मला एकदम हुरूप आला.

२१ जून

सकाळी वहीत तापमानं लिहून काढली. त्यांचा तो हिवाळा. केर्न्सला जुलैत दिवसा साधारण २६ अंश. उलुरूला दिवसा २० आणि पहाटे ४-५, कधी शून्याच्याही खाली. वाळवंट म्हणजे ऊन एवढंच डोक्यात होतं, म्हणून पहिल्या यादीत मी स्वेटर लिहिलाच नव्हता.

खरं तर साताऱ्याच्या माणसाला हे नवं वाटायला नको. महाबळेश्वरला छत्र्या उलट्या होत असतात तेव्हा आमच्या आजोळी, माण तालुक्यात, लोक टँकरची वाट बघत असतात. आई माणची. दहिवडीहून लग्न होऊन साताऱ्यात आली ती पावसाला कंटाळायची आणि म्हणायची, "आमच्याकडं थंडी पडायची ती कोरडी, हाडात शिरायची, पण कपडे तरी वाळायचे." आज यादी करताना तेच वाक्य कामाला आलं. कोरड्या थंडीला एक जाड कोट लागत नाही, अंगावर थर लागतात. तीन हवांसाठी तीन ढिगारे भरायचे नाहीत. पाच सुती, बाहीचे कुर्ते आणि तीन पँटी सगळीकडे चालतील. समुद्रावर तेच, जंगलात त्यावर विंडचीटर, वाळवंटात पहाटे आतून थर्मल, वर स्वेटर आणि शाल. ऊन वर आलं की एकेक काढत जायचं. दर चार दिवसांनी धुवायचं.

टॉवेल बाद. दोन पंचे घेतले. पंचा तासाभरात वाळतो, डोक्याला बांधता येतो, खांद्यावर टाकता येतो, वाळूत अंथरता येतो. आईच्या प्रत्येक यात्रेच्या पिशवीत तो वर असायचा.

२३ जून

आज ताई मुक्कामाला आली. येताना कंदी पेढ्यांचा किलोचा बॉक्स घेऊन आली, भाचीसाठी. शिवाय कागदाच्या पुडीत वाळवलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या. पोरीच्या बाल्कनीत तुळस नाही म्हणून.

दोन्ही नेता येत नाही हे सांगताना मला फार जड गेलं. दुधाची मिठाई चालत नाही. तिथल्या सरकारी खात्याच्या सूचनेत पेढे, बर्फी, गुलाबजाम अशी नावं घेऊन लिहिलेलं आहे. बी-बियाणं, ताजी फळं, कढीपत्ता, काहीच नाही. बाकी जे काही खाण्याचं नेऊ ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर 'आहे' म्हणून लिहायचं आणि तिथे उघडून दाखवायचं. लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर दंड नाही. लपवलं तर मोठा दंड.

ताई चिडली. "पेढ्यानं काय होतंय?"

मी तिला कारण वाचून दाखवलं. लाळ्या-खुरकूत. ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर हा रोग आलेला नाही. दुधातून, मांसातून, बुटाच्या चिखलातून तो जाऊ शकतो आणि एकदा गेला की त्यांची सगळी गुरं धोक्यात.

ते नाव ऐकल्यावर ताई काही बोलली नाही. आजोबांच्या पांढऱ्या बैलाला लाळ्या-खुरकूत झाली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन, ताई बारा-तेराची. बैलाच्या तोंडातून तारेसारखी लाळ लोंबत होती, खूर फाटले होते, जागचा हलत नव्हता. आजोबा त्याच्या खुरांना कढत पाण्याचा शेक देत बसलेले मला आठवतात. ताईला तर तो वाससुद्धा आठवतो म्हणाली.

पेढे संध्याकाळी शेजारी वाटले. मंजिऱ्या आमच्याच वृंदावनात टाकल्या. खाण्याचं म्हणून फक्त भाजणी, मेतकूट आणि खाकरे ठेवले, सगळी बंद पाकिटं, नावं इंग्रजीत चिकटवलेली. ती त्यांनी ठेवून घेतली तरी आमची तक्रार नाही.

२४ जून

बूट. गेले तीन महिने आम्ही दोघी रविवारी अजिंक्यतारा चढत होतो, कारण उलुरूची पूर्ण प्रदक्षिणा १०.६ किलोमीटरची आहे आणि ताईच्या गुडघ्याला सवय हवी होती. सराव झाला, पण बुटांच्या तळव्यात अजिंक्यताऱ्याचा चिखल गच्च बसला. आज दुपारभर मोरीत बसून तो काढला. आधी काडीने खाचा कोरल्या, मग जुन्या टूथब्रशने साबण लावून घासलं. एका खाचेतून गवताचं कुसळ निघालं, बारीक, पिळदार, टोकाला बी. ते चिमटीत धरून उजेडात बघितलं. एवढंसं. हे तिथल्या मातीत पडलं असतं तर रुजलंच असतं असं नाही, पण रुजलंही असतं. मग ताईने माझ्या हातून ब्रश घेतला आणि चारही बूट पुन्हा पहिल्यापासून घासले.

औषधांवरून थोडी वादावादी झाली. ताईने बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या जागा वाचावी म्हणून सुट्या करून डबीत भरल्या होत्या. पुन्हा नवीन स्ट्रिपा आणल्या. गोळ्या मूळ पाकिटातच हव्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि तीन महिन्यांना पुरतील त्याहून जास्त नकोत. अर्ध्या तिच्या हातातल्या बॅगेत, अर्ध्या माझ्या. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत.

२५ जून

भाचीशी तासभर बोललो. ती केर्न्सलाच आम्हाला भेटणार आहे.

ताईला खरी धास्ती समुद्राची होती, आणि पाण्याहून जास्त पोहण्याच्या कपड्यांची. हे ती मला कधी बोलली नव्हती. भाचीने सांगितलं की तिथे गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकणारा लायक्राचा सूट भाड्याने मिळतो, डोक्याला टोपीसकट. त्या पाण्यात विषारी जेलीफिश असतात. नोव्हेंबर ते मे जास्त, आत्ता कमी, पण सूट तरीही घालावा. ताईचा चेहरा असा उजळला! म्हणजे प्रवाळ बघायला ती पाण्यात उतरणार. २,३०० किलोमीटर लांबीची ती प्रवाळांची रांग, ग्रेट बॅरियर रीफ, माझ्या बहिणीला वरून काचेच्या तळाच्या होडीतूनच बघावी लागणार, असं मी मनात धरून चालले होते.

सनस्क्रीन बदललं. आमच्या ट्यूबमध्ये ऑक्सिबेन्झोन होतं. प्रवाळांना त्याने अपाय होतो म्हणून हवाईमध्ये २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. ऑस्ट्रेलियात तशी सक्ती नाही, तरी आम्ही झिंक ऑक्साइडचं आणलं. तोंडावर पांढरं राहतं. राहू दे. बोट लागण्याच्या गोळ्या घेतल्या, कारण या महिन्यांत तिथे वारा जोरात असतो.

जंगलासाठी पायमोजे लांब आणि पँटी पायघोळ. तिथे जिम्पी-जिम्पी नावाचं झाड आहे. हृदयाच्या आकाराचं मऊ दिसणारं पान, आणि त्यावरच्या काचेसारख्या बारीक केसांनी होणारी वेदना महिनोन्‌महिने परत परत उठते. आपली खाजकुइली त्यापुढे काहीच नाही. डेन्ट्री नदी फेरीबोटीने ओलांडली की पलीकडे बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून नकाशा, फोन नंबर आणि मुक्कामाचे पत्ते कागदावर लिहून घेतले. १८ कोटी वर्षं जुनं मानतात ते जंगल. २०२१ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान तिथल्या मूळच्या ईस्टर्न कुकू यलांजी लोकांना परत मिळालं. ताई म्हणाली, "म्हणजे आपण त्यांच्या घरी चाललोय." हो.

माश्यांची जाळी टोपीवरून घ्यायची, भाची तिथेच विकत घेणार आहे. प्लगचे तिरके पाय असलेले दोन अॅडॅप्टर. झालं.

२७ जून, रात्री उशिरा

आजचं लिहून ठेवलंच पाहिजे.

बॅगा काट्याला लटकवल्या. माझी १७ किलो ४००, ताईची १६ किलो ९००. ताईच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात काहीतरी मऊ लागलं म्हणून काढलं, तर हिरव्या खणाची, हाताने शिवलेली छोटीशी चंची. रिकामी.

मला सांगायची गरज नव्हती. आईच्या देवघरात ताम्हणभर दगड आहेत. नर्मदेचा गोटा, रामेश्वरचा शंख, कन्याकुमारीची वाळू, गंगेचा चपटा खडा. तिचे पाय थकले तेव्हापासून आम्ही कुठेही गेलो की तिच्यासाठी काही ना काही आणायचो आणि ती ते धुऊन, गंध लावून ठेवायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. उलुरूचं चित्र तिने एकदा नातीच्या फोनवर बघितलं होतं. "आमच्या माणच्या डोंगरावाणी दिसतंय, पण तांबडं," म्हणाली होती. ताईने चंची त्या तांबड्या मातीसाठी शिवली होती.

आणि मी चार दिवसांपूर्वीच वाचलं होतं, पण तिला सांगितलं नव्हतं. उलुरूची जमीन १९८५ मध्ये तिथल्या मूळच्या अनांगू लोकांना परत दिली गेली. तो त्यांचा पवित्र पहाड. २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणं बंद आहे, आणि तिथला दगड किंवा माती उचलणं बेकायदेशीर आहे. तरी लोकांनी वर्षानुवर्षं नेले. आता त्यातले कितीतरी जण दगड पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी. तिथले लोक त्यांना 'सॉरी रॉक्स' म्हणतात.

हे सगळं मी ताईला हळूहळू सांगितलं. तिने चंचीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"परत आलेला दगड नेमका कुठला ते त्यांना कसं कळणार? जागेवर कसा ठेवणार?"

"ते कसं कळेल, ताई?"

"आईनं कधी देवळाच्या आतलं काही उचललं नाही," ती म्हणाली. "नदीतलं, समुद्रातलं आणायची. गाभाऱ्यातलं कधीच नाही."

मग उठली, देवघरापाशी गेली. मला वाटलं चंची तिथे ठेवून येईल. तिने ताम्हणातला तुळशीजवळचा एक लहान खडा उचलला, दहिवडीच्या आमच्या आजोळच्या अंगणातला. तळहातावर ठेवून बघितला. माती लागलेली नव्हती, तरी नळाखाली धरला, पुसला.

"हा नेला तर चालेल का? प्रदक्षिणा होईपर्यंत फक्त. मग परत आणायचा."

मी कार्डाबद्दल वाचलेलं आठवून बघितलं. दगडाचंही लिहायचं, दाखवायचं. त्यांनी नको म्हटलं तर तिथेच द्यावा लागेल. ताई थोडा वेळ थांबली आणि खडा पुन्हा ताम्हणात, बरोबर त्याच्या जागी ठेवला.

चंचीत आता तिच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिपा आहेत. काट्यावर फरक पडला नाही. गाडी पहाटे साडेतीनला येणार आहे.